ई १० ओळखायचं कसं: फोटोवरून उपवर्ग, क्रमांक आणि काळ ठरवण्याची रीत

जुन्या फोटोत निळं, चौकोनी, चार अ‍ॅक्सलचं जर्मन विद्युत इंजिन दिसलं की 'ई १०' म्हणून मोकळं व्हायचा मोह होतो. बरेचदा अंदाज बरोबरही निघतो. पण तेच इंजिन ई ४० असू शकतं, ई ४१ असू शकतं, किंवा ई १०च असूनही त्याखाली लिहिलेलं साल वीस वर्षांनी चुकलेलं असू शकतं. पश्चिम जर्मनीच्या डॉयचे बुंडेसबानने, म्हणजे डीबीने, १९५६ ते १९६९ या काळात या वर्गाची मालिका बांधून घेतली. १०१ ते ५१० अशी ४१० इंजिनं आणि त्याआधीची पाच नमुना इंजिनं, असा हा कारभार आहे. तेरा वर्षं बांधणी चालू होती, त्यानंतर दुरुस्त्या, रंगबदल आणि क्रमांकबदल झाले. त्यामुळे 'ई १० कसं दिसतं?' याला एकच उत्तर नाही.

ओळखण्याचा क्रम असा ठेवा: आधी इंजिनाची पेटी (म्हणजे बाहेरचं पत्र्याचं खोकं), मग छप्पर, मग लांबी आणि बोगी, मग क्रमांक, आणि सगळ्यात शेवटी रंग. नवशिके नेमके उलटे जातात, कारण फोटोत रंग आधी दिसतो. पण पेटी इंजिनाच्या आयुष्यात सहसा बदलत नाही, आणि रंग मोठ्या दुरुस्तीला गेलं की बदलू शकतो. जे कमी बदलतं त्याला जास्त किंमत द्यायची, इतकंच या क्रमामागचं तत्त्व.

वर्ग कसा घडला, एवढं आधी माहीत हवं

युद्धापूर्वीची ई १८ सारखी जलद इंजिनं एकाच लांब ताठ चौकटीवर बसवलेली होती. मधे चार चालक अ‍ॅक्सल, पुढेमागे नुसता भार वाहणारी चाकं. त्याच काळात ई ४४ ने दाखवून दिलं होतं की दोन बोग्या आणि चारही अ‍ॅक्सलना मोटर एवढ्यावर काम भागतं, नुसता भार वाहणारी चाकं लागतच नाहीत. (इथे बोगी म्हणजे डबा नव्हे, इंजिनाखाली वळणारी चार चाकांची चौकट.) युद्धानंतर डीबीने हीच वाट धरली आणि १९५२ पासून ई १० ००१ ते ००५ ही पाच नमुना इंजिनं आली. वेगवेगळ्या कारखान्यांकडून मुद्दाम वेगवेगळी करून घेतलेली. मोटरची ताकद चाकापर्यंत कशी न्यायची, हा खरा प्रश्न होता आणि त्याची निरनिराळी उत्तरं या पाचांत अजमावली गेली.

निवड झाली ती झीमेन्स-शुकर्ट कंपनीच्या रबर-रिंग पद्धतीची. तिच्यात मोठं गिअरचाक आणि रेल्वेचाक यांच्यामध्ये रबराचे ठोकळे कडं करून बसवलेले असतात. पीळही (चाक फिरवणारा जोर) त्यांच्यातूनच जातो आणि रुळाचा धक्काही त्यांच्यातच मुरतो. वंगण लागत नाही, धातूवर धातू घासत नाही, कार्यशाळेला काम कमी. पुढे या घराण्यातल्या बहुतेक सगळ्या इंजिनांना हीच पद्धत लागली.

चाचण्यांतून दुसरं एक शहाणपण आलं: सगळ्या कामांना एकच इंजिन पुरणार नाही. म्हणून चार वर्ग ठरले, आणि त्यांचे जमतील तितके भाग सारखे ठेवले. ई १० जलद प्रवासी गाड्यांसाठी, ताशी १५० किमी. ई ४० मालगाड्यांसाठी, सुरुवातीला १०० आणि १९६९ पासून ११० किमी. ई ४१ हलक्या मार्गांसाठी, १२० किमी. ई ५० जड मालगाड्यांसाठी, सहा अ‍ॅक्सल, १०० किमी. ओळखण्यातला बहुतेक गोंधळ याच चुलतभावांमुळे होतो. ई ४० तर जवळजवळ ई १०च आहे, फक्त गिअरचं गुणोत्तर वेगळं आणि विजेवर चालणारा ब्रेक काढून टाकलेला.

पहिली पायरी: पेटी

नमुना इंजिनं सोडली तर ई १०च्या पेट्या दोनच. एक 'कास्टेन', म्हणजे साधी खोक्यासारखी. समोरचा भाग सपाट, कडा ठळक, काचांचा पट्टा किंचित मागे कललेला. दुसरी 'ब्यूगेलफाल्टे'. तिच्यात समोरच्या काचांखाली एक आडवी धार आहे, आणि त्या धारेपाशी इंजिनाचं नाक सगळ्यात पुढे येतं. धारेच्या वर काच मागे झुकते, खाली पत्रा मागे वळतो. पँटच्या इस्त्रीच्या घडीवरून जर्मन लोकांनी हे नाव पाडलं. बाजूने किंवा तिरकस काढलेल्या फोटोत ही धार लगेच कळते. अगदी समोरून काढलेल्या फोटोत मात्र फसगत होते, कारण धार कळायला सावली लागते. ढगाळ उजेडातला समोरचा फोटो असेल तर धार शोधत बसू नका. काचांच्या बाहेरच्या कडा बघा. ब्यूगेलफाल्टेच्या कोपऱ्यांना गोलाई असते, कास्टेनचे कोपरे मोडल्यासारखे दिसतात.

पेटी ठरली की क्रमांकाचा पल्ला आपोआप ठरतो:

१०१ ते २८७: कास्टेन, अपवाद २६५ ते २७०.
२६५ ते २७०: ब्यूगेलफाल्टे (मूळ क्रमांक ई १० १२६५ ते १२७०).
२८८ ते ५१०: सगळी ब्यूगेलफाल्टे.

मधला अपवाद चुकवू नका. नव्या पेटीची पहिली इंजिनं ही सहाच होती. ती आल्यावरही २७१ ते २८७ ही सतरा इंजिनं जुन्याच पेटीत बाहेर पडली. त्यामुळे 'पुढचा क्रमांक म्हणजे नवी पेटी' हा सरळ हिशेब इथे चालत नाही.

ब्यूगेलफाल्टे नवी असताना तिच्या बफरांभोवती पत्र्याचं आवरण होतं आणि खाली समोर झालर होती. सुंदर दिसायचं, पण कपलिंगपाशी काम करणाऱ्याला आणि कार्यशाळेला ते अडचणीचं होतं. हळूहळू बहुतेक इंजिनांची आवरणं आणि झालरी काढल्या गेल्या. फोटोत दोन्ही शाबूत असतील तर काळ बहुधा सुरुवातीचा. पण उलटं अनुमान काढू नका: काही इंजिनांवर ती बराच काळ टिकली, आणि संग्रहालयाच्या इंजिनांवर ती पुन्हा बसवलेलीही आढळतात.

कास्टेनमध्ये दिवे आणि बाजूच्या हवेच्या जाळ्या बघा. सुरुवातीच्या इंजिनांना खाली दोन आणि वर एक असे मोठे एकेरी दिवे होते. नंतरच्यांना खालच्या बाजूला पांढरा आणि लाल शेजारीशेजारी असे जोडदिवे आले. जाळ्यांच्या पट्ट्या आधी आडव्या, नंतर उभ्या. दोन्ही गोष्टी जुन्या इंजिनांवरही मागाहून बदलल्या गेल्या. म्हणून त्यांच्यावरून 'याच्या आधीचा फोटो नाही' एवढंच म्हणता येतं, क्रमांक ठरवता येत नाही.

दुसरी पायरी: छप्पर

कास्टेन पेटी दिसली म्हणजे ई १० सिद्ध झालं नाही, कारण ई ४०ची पेटी तीच आहे. निर्णय छपरावर होतो. ई १०ला विजेवर चालणारा ब्रेक आहे. उतारावर किंवा थांबताना मोटरी जनरेटर होतात आणि तयार झालेली वीज रोधकांत जळून उष्णता बनते. हे रोधक छपरावर असतात आणि त्यांच्यावर टोपणं असतात. दोन पँटोग्राफांच्या (वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या सांगाड्यांच्या) मधे ही टोपणं उठून दिसतात. साध्या ई ४०ला हा ब्रेक नाही, म्हणून तिथे छप्पर मोकळं दिसतं.

एक अडचण उरते. ई ४०पैकी ३१ इंजिनांना ब्रेक बसवला होता. दक्षिण जर्मनीतल्या होलेन्टालबानसारख्या तीव्र चढाच्या मार्गासाठी हा उपवर्ग काढला. त्यांचे मूळ क्रमांक चार आकडी होते: ई ४० ११३१ ते ११३७, ११६३ ते ११६६, १३०९ ते १३१६ आणि १५५२ ते १५६३. १९६८ नंतर ही १३९ वर्गाची झाली. छपरावर टोपणं, पेटी कास्टेन, रंग हिरवा, असं जमलं तर आधी यांचा विचार करा. शिवाय १९९०च्या दशकात काही ११० (ई १०चा १९६८ नंतरचा वर्गक्रमांक) इंजिनांखाली ई ४०च्या बोग्या घालून त्यांनाही १३९ क्रमांक दिले गेले. ती जन्माने ई १०, कामाने ई ४०. अशा इंजिनावर वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही नोंदी लिहाव्यात.

पँटोग्राफ मूळचे समांतरभुज, 'डीबीएस ५४' नमुन्याचे. पुढे काही इंजिनांवर एकभुज पँटोग्राफ आले. एकभुज दिसला तर फोटो उत्तरायुष्यातला, एवढं खुशाल धरा.

तिसरी पायरी: मोजमाप

ई ४१ समोरून ई १०सारखंच दिसतं, पण लांबीला कमी आहे. फोटो थेट बाजूने काढलेला असेल तर मोजून निकाल लावता येतो. ई १०, ई ४१ आणि ई ५० या तिन्ही वर्गांच्या चाकांचा व्यास १,२५० मिमी आहे, म्हणून चाकच फूटपट्टी धरायचं.

फोटोत एका चाकाची उंची मोजा. रुळावरून वरपर्यंत, बाहेरची कडा (फ्लँज) सोडून. मग बफरपासून बफरपर्यंत इंजिनाची लांबी मोजा आणि भागाकार करा. ई १० कास्टेनची लांबी १६,४९० मिमी, म्हणून उत्तर १३.२च्या आसपास यायला हवं. ई ४१ची १५,६६० मिमी, उत्तर १२.५. ई ५०ची १९,४९० मिमी, उत्तर १५.६, पण तिथे सहा अ‍ॅक्सल मोजले की काम झालं, भागाकाराची गरजच नाही.

१३.२ आणि १२.५ यांच्यातलं अंतर सुमारे पाच टक्के आहे. चाकाच्या मोजणीत पाच टक्के चूक सहज होते, विशेषतः छोट्या फोटोत. म्हणून चारही चाकं मोजून सरासरी घ्या. झिजलेलं चाक थोडं लहान असतं, त्याने गुणोत्तर वाढतं. फोटो तिरका असेल तर लांबी आखडते आणि ई १०चं ई ४१ होतं. दोन टोकांच्या चाकांची उंची एकमेकांपासून दोन टक्क्यांहून जास्त वेगळी आली, तर फोटो तिरका आहे. ही रीत सोडून द्या. ताळा म्हणून बोगीतल्या दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर घ्या. ई १०मध्ये ते ३,४०० मिमी आहे, म्हणजे चाकाच्या २.७ पट.

ब्यूगेलफाल्टे १६,४४० मिमी, म्हणजे कास्टेनपेक्षा ५० मिमी आखूड. फोटोतून हा फरक काढायचा प्रयत्न करू नये. तो प्रतिमेत हरवतो, आणि पेटी तर आधीच कळलेली असते.

चित्रफितीत आवाज असेल तर ई ४१ डोळे मिटूनही ओळखता येतं. ई १०मध्ये टॅप (मोटरींना किती दाबाची वीज द्यायची ती पायरी) बदलणं ट्रान्सफॉर्मरच्या उच्चदाब बाजूला होतं. तिथे प्रवाह कमी, त्यामुळे संपर्कांवर ठिणगी कमी. ई ४१ हलकं हवं होतं, अ‍ॅक्सलवर १७ टनांपेक्षा कमी भार, म्हणून तिथे कमी दाबाच्या बाजूने नियंत्रण घेतलं. मोठा प्रवाह तोडताना त्यातून जोराचा बार ऐकू येतो, आणि म्हणूनच त्याला 'क्नालफ्रॉश', अर्थात उड्या मारणारा फटाका, असं टोपणनाव पडलं. ई १०चा टॅप बदलताना ऐकू येतो तो निव्वळ खटखटाट.

वेगवान भावंडं

या वर्गात झालेला जवळजवळ प्रत्येक मोठा बदल वेगापायी झाला आहे. १९६२ मध्ये राइनगोल्ड गाडी नव्या डब्यांसह १६० किमी वेगाने धावणार असं ठरलं. नवी इंजिनं वेळेत तयार नव्हती. तेव्हा बांधणीत असलेली सहा कास्टेन इंजिनं उचलून त्यांचं गिअर बदललं, निळा-बेज रंग दिला आणि ई १० १२३९ ते १२४४ असे क्रमांक दिले. पुढे १२६५ ते १२७० आल्यावर ही सहा परत साध्या गिअरवर गेली आणि ई १० २३९ ते २४४ झाली. म्हणून निळ्या-बेज रंगातलं कास्टेन राइनगोल्डच्या डब्यांपुढे दिसलं, तर मूळ फोटोचा काळ फारच अरुंद, १९६२च्या आसपासचा. त्यावरही एक खबरदारी: २३९ क्रमांकाचं इंजिन जतन करताना पुन्हा ई १० १२३९ म्हणून याच रंगात रंगवलं गेलं आहे. मागे आधुनिक सिग्नल किंवा फलाट दिसत असेल तर ते हेच.

खऱ्या १६० किमीच्या इंजिनांना, म्हणजे १२६५ ते १२७० आणि राइनफाइल गाडीसाठीच्या १३०८ ते १३१२ यांना, हेन्शेल कारखान्याच्या वेगळ्या बोग्या होत्या. नुसतं गिअर बदलून वेग वाढतो, पण त्या वेगाला बोगी शांत राहीलच असं नाही. याचा धडा १९६८ मध्ये आलेल्या ११२ ४८५ ते ५०४ या वीस इंजिनांनी दिला (११२ हा १६० किमीवाल्या ई १०चा १९६८ पासूनचा वर्गक्रमांक). त्यांना १६० किमीचं गिअर होतं, पण बोग्या साध्या ११०च्या. जास्त वेगाला झीज वाढली, परवानगीचा वेग खाली आणावा लागला, आणि शेवटी ती परत ११० वर्गात गेली. फोटोत बोगीची चौकट स्पष्ट असेल तर ११२ २६७ आणि ११२ ४९० शेजारी ठेवून बघा. एकाच वर्गक्रमांकाखाली दोन निराळी इंजिनं आहेत.

ई १० २९९ आणि ३०० यांना १९६३ मध्ये बांबेर्ग–फोर्खहाइम मार्गावर २०० किमी वेगाच्या चाचण्यांसाठी खास बोग्या दिल्या होत्या. त्या चाचण्यांतून सहा अ‍ॅक्सलच्या ई ०३चा रस्ता मोकळा झाला. ई ०३ची चार नमुना इंजिनं १९६५ मध्ये आली आणि म्युनिकच्या वाहतूक प्रदर्शनाच्या वेळी म्युनिक–ऑग्सबुर्ग दरम्यान २०० किमी वेगाने धावली. ई १०चा थेट वारस मात्र १९७४चा १११ वर्ग: तीच मोटर, पण नवी बोगी आणि मोठी कॅब.

चौथी पायरी: क्रमांक आणि ताळ्याचा आकडा

१ जानेवारी १९६८ला डीबीने संगणकासाठी नवे क्रमांक लागू केले. ई १० चं ११०, ई ४० चं १४०, ई ४१ चं १४१, ई ५० चं १५०, आणि १६० किमीवाल्यांचं ११२. सहा आकड्यांनंतर छोटी रेघ आणि एक ताळ्याचा आकडा. फोटो धूसर असेल तर हाच आकडा उपयोगी पडतो, पण त्याचा वापर फार थोडे लोक करतात.

काढायची पद्धत: सहा आकड्यांना डावीकडून १, २, १, २, १, २ ने गुणा. गुणाकार दोन आकडी आला तर त्याचे आकडे मिळवा (१४ म्हणजे १ + ४ = ५). सगळ्यांची बेरीज करा. पुढच्या पूर्ण दशकापर्यंत जितके कमी पडतात, तो ताळ्याचा आकडा. बेरजेच्या शेवटी शून्य असेल तर ताळा शून्य.

११० ३०० घ्या: १, २, ०, ६, ०, ०. बेरीज ९, दहाला एक कमी, म्हणून ११० ३००-१. दुसरं, ११० ४९१: १, २, ०, ८, ९, २. बेरीज २२, तिसाला आठ कमी, म्हणून ११० ४९१-८.

आता उपयोग. दुसरा आकडा १ की ४, म्हणजे इंजिन ११० की १४०, हे काजळीमुळे कळत नाही असं समजू. शेवटचे तीन आकडे तेच ठेवून ११० ऐवजी १४० केलं की बेरीज सहाने वाढते, म्हणजे ताळा चारने पुढे सरकतो. ११० ४२३चा ताळा १, तर १४० ४२३चा ५. शेवटचा आकडा दिसला की वर्ग कळला.

पण ही रीत सगळीकडे चालत नाही. ११३ आणि १३९ या दोन्ही वर्गांचा ताळा सारखाच येतो: ११३ची पहिल्या तीन आकड्यांची बेरीज १ + २ + ३ = ६, १३९ची १ + ६ + ९ = १६, आणि फरक बरोबर दहाचा. ११३ ३११-५ हे राइनफाइलसाठी बांधलेलं इंजिन आणि १३९ ३११-५ हे ब्रेकवालं ई ४०, दोन्ही खरोखर अस्तित्वात होती. मधला आकडा पुसट असेल तर गणित हात टेकतं. तेव्हा पुन्हा पहिली पायरी: ११३ असेल तर नाकावर धार, १३९ असेल तर सपाट तोंड.

२००७ पासून बारा आकडी क्रमांक आले: ९१ ८० ६११० ३००-१ असे. पुढे ९१ ८० ६ जोडल्याने बेरीज नेमकी वीसने वाढते, म्हणून जुना ताळाच कायम राहतो. जुनी पद्धत इथेही चालते, फक्त शेवटचे सात आकडे घ्यायचे.

११२, ११३, ११४चा गुंता

हे तीन वर्गक्रमांक साल न बघता वाचायचेच नाहीत.

११२: १९६८ पासून १६० किमीवाली सगळी ई १०. १९८८ मध्ये त्यांतली ४८५ ते ५०४ वेगळी काढून ११४ केली. १९९१ मध्ये उरलेली ११३ झाली, कारण ११२ क्रमांक पूर्वेकडच्या डॉयचे राइखस्बानच्या (पूर्व जर्मनीच्या रेल्वेच्या) २१२ वर्गासाठी मोकळा करायचा होता. १९९२ पासून दिसणारं ११२ हे ते पूर्वेकडचं इंजिन, पेटी पूर्ण निराळी. २००० मध्ये त्या पूर्वेकडच्या ११२पैकी काही ११४ झाली, म्हणून ११४ क्रमांकही दोनदा वापरला गेला. आणि राइखस्बानच्या स्वतःच्या जुन्या पद्धतीत ११०, ११२, ११४ ही तर डिझेल इंजिनं होती. १९८०च्या ड्रेसडेनच्या फोटोखाली '११०' लिहिलं असेल तर त्याच्या छपरावर पँटोग्राफ शोधू नका. शेवटी २००५ पासून ऑटोझुगकडे (मोटारी वाहून नेणाऱ्या गाड्यांच्या विभागाकडे) गेलेली काही ११० आणि ११३ इंजिनं ११५ झाली.

पाचवी पायरी: रंग आणि बारीक खुणा

डीबीचा मूळ नियम सोपा होता. १२० किमीपेक्षा जास्त वेगाची इंजिनं निळी, बाकीची हिरवी. म्हणून ई १० निळं (आधी पोलादी निळा, 'आरएएल' या जर्मन रंगयादीतला ५०११, नंतर कोबाल्ट निळा ५०१३) आणि ई ४० हिरवं (६०२०). ई ४१ची सुरुवातीची इंजिनं मात्र निळीच बाहेर पडली, त्यामुळे नियमाला पहिल्याच घरात तडा. काळ्या-पांढऱ्या फोटोत निळा आणि हिरवा दोन्ही एकसारखे राखाडी दिसतात. तिथे छटेवरून निर्णय दिला की तो अंदाजच समजावा.

१९७४ पासून समुद्री निळा आणि बेज (५०२० आणि १००१). १९८७ पासून ओरिएंट लाल (३०३१), समोर पांढरा डाग. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून वाहतूक लाल (३०२०). प्रत्येक रंगाची सुरुवात म्हणजे 'याच्या आधी नाही' अशी मर्यादा. शेवटाची मर्यादा कोणताच रंग देत नाही. पुष्कळ इंजिनं १९७४ नंतर कित्येक वर्षं जुन्या निळ्यातच फिरली. राइनगोल्डची इंजिनं १९६५ मध्ये गाडी टीईई (ट्रान्स-युरोप एक्सप्रेस) झाल्यावर निळ्या-बेजवरून लाल-बेज झाली, हा एक बदल मात्र काळ ठरवायला पक्का आहे.

साल आणखी आवळायचं असेल तर फोटो मोठा करून तीन जागा बघा. एक, चौकटीच्या टोकाशी बफरजवळ रंगवलेली शेवटच्या मोठ्या तपासणीची तारीख आणि कार्यशाळेचं नाव. फ्रायमान किंवा ओप्लाडेन हे शब्द तिथे वारंवार भेटतील. तपासणीची तारीख म्हणजे फोटोची कमाल जुनी मर्यादा. दोन, कॅबच्या खाली बाजूला इंजिनघराचं नाव. तीन, डीबीचं बोधचिन्ह. १९९४ मध्ये डॉयचे बान कंपनी झाल्यावर ते बदललं.

फोटो आरशातल्यासारखा उलटा छापला गेला आहे का, हेही तपासा. आकडे वाचता येत असतील तर प्रश्नच नाही. येत नसतील तर दुहेरी मार्गावर गाडी कोणत्या बाजूने चालली आहे ते बघा. जर्मनीत गाड्या उजवीकडून धावतात. डावीकडून येणारी गाडी एखाद्या वेळी खरीच असू शकते, पण शंका घ्यायला तेवढं पुरे.

मॉडेल विकत घेताना किंवा रंगवताना

वरच्या सगळ्या पायऱ्या मॉडेललाही लागू पडतात, आणि चुकाही त्याच होतात: ब्यूगेलफाल्टे पेटीवर २७५ क्रमांक, कास्टेनवर ११२, किंवा 'ई १०' अक्षरांसह समुद्री निळा-बेज रंग. शेवटचं तर शक्यच नाही, कारण तो रंग यायच्या सहा वर्षं आधीच 'ई' गेलं होतं. १:८७ प्रमाणात कास्टेनची लांबी १८९.५ मिमी आणि चाक १४.४ मिमी हवं; १:१६० मध्ये लांबी १०३ मिमी. एक मिमीच्या फरकाकडे दुर्लक्ष करा, बफर थोडे लांब ठेवण्याची पद्धत आहे. पाच मिमीचा फरक असेल तर बहुधा लहान वळणांसाठी पेटी आखडलेली आहे. ई ४०चं मॉडेल निळं रंगवून ई १० म्हणून विकलेलं असेल तर छपरावरची ब्रेकची टोपणं लगेच चाडी खातात. विकत घेण्याआधी वरून काढलेला फोटो मागून घ्या.